वाकड्या मुठीच्या काठ्या

सतरा निघाल्या.
दोन बँकेतल्या बाईंनी दिलेल्या, एक दातांच्या डॉक्टरांनी
(त्यांनीच!), चार शाळेतल्या,
पाच लायब्ररीच्या बरणीतून नको-नको म्हणत घेतलेल्या.
बाकीच्या कुठून आल्या ते नाताळच्या झाडालाच ठाऊक,
आणि झाड तर सहा तारखेपासून
कचऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला आडवं,
फांदीत एक चंदेरी झिरमिळी तशीच.

मी औषधांच्या दुकानात दिवसभर गोळ्या मोजतो,
पट्टीने सरकवत, पाच-पाच.
घरी आलो तरी हात थांबत नाहीत.
पाच, दहा, पंधरा, वर दोन.
"बाबा, या रक्तदाबाच्या नाहीत," मुक्ता म्हणाली.
नऊ वर्षांची आहे. जीभ आजीची घेतलीय.

ईरीत जानेवारी म्हणजे
सरोवर उठून आमच्या गल्लीत राहायला येतं.
शाळेला तिसऱ्या दिवशीही सुट्टी.
करायचं काय, तर कुकीज.
घालायचं काय, तर हेच.

काठ्या फडक्यात बांधल्या, वर बत्ता हाणला.
हाच बत्ता विमानतळावर एका अधिकाऱ्याने
हत्यार असावं तसा उलटासुलटा करून पाहिला होता.
आज त्याचं म्हणणं पटलं.
लाल-पांढरा चुरा ओट्यावर, चष्म्यावर, साखरेच्या डब्यामागे,
आणि आतल्या खोलीतून वृषालीचा आवाज,
"सर्दी कुणाला झालीय?"

लोणी, मैदा, एका अंड्यावरून थोडा वाद.
गोळे एकसारखे व्हावेत म्हणून मी वजनकाटा काढला,
मुक्ताने तो परत कपाटात ठेवला.
पहिला ट्रे आत गेला.
सहा मिनिटं झाली आणि वीज गेली.

फ्रीज गप्प. घड्याळाचे हिरवे आकडे गप्प.
ओव्हनच्या काचेमागे बारा गोळे,
ना पीठ ना बिस्किट,
अंधारात हळूहळू एकमेकांकडे सरकणारे.

दार वाजलं. शेजारचे यानकोव्स्की,
वय ऐंशीच्या पुढे, कपाळाला दिवा, हातात फावडं.
सगळे ठीक ना, एवढंच विचारायला आले होते.
मग नाक वर करून म्हणाले,
माझी शेगडी जुनी आहे, काडीने पेटते.

मुक्ता पुढे, मागे मी,
गुडघाभर बर्फातून ट्रे दोन्ही हातांनी
नैवेद्याच्या ताटासारखा धरून.

पण शेगडीवर कुकी भाजायची कशी?
तेव्हा हाताला आठवलं, मला नाही:
इस्लामपूर, दिवाळीच्या तोंडावर बंद असलेली भट्टी,
भिजवून ठेवलेलं नानखटाईचं पीठ,
आणि आईने पितळी पातेल्यात तापवलेली
नदीची चाळलेली वाळू.

इथे वाळू कुठली.
यानकोव्स्कींनी पडवीतून पोतं ओढत आणलं,
पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायचं जाडं मीठ.
पातेल्यात मीठ, मिठावर ताटली, वर झाकण,
झाकणावर त्यांनी का कुणास ठाऊक
इस्त्री ठेवली.
तीन-तीन करून चार घाणे.

चांगल्या झाल्या असं म्हणवत नाही.
बूड काळं, मध्य कच्चा,
चुरा वितळून ताटलीला काचेसारखा चिकटला,
पेचकसाने उचकटून काढला.
त्यांनी दोन खाल्ल्या, कटाकट,
तिसरी कागदी रुमालात गुंडाळून
फ्रीजच्या डोक्यावर ठेवली.
कुणासाठी ते आम्ही विचारलं नाही.
मुक्ताने विचारलं.
ते म्हणाले, उद्यासाठी.

निघताना पातेलं बाहेर नेलं
आणि तापलेलं मीठ त्यांच्या पायऱ्यांवर ओतलं.
चर्र झालं,
पेपरमिंटचा वास घेऊन वाफ वर आली,
आणि बर्फात भोकं पडत गेली, लहान, गोल.
मी मोजायला लागलो.
"बाबा," मुक्ता म्हणाली, "चला."